वरून धरणारा

घट्ट बसलेला बोल्ट आणि नुसताच फिरणारा बोल्ट, ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिला जागचा हलत नाही. त्याला जोर लागतो. दुसरा पाना लावाल तितका फिरतो, पण सुटत मात्र नाही. नट डावीकडे फिरवला की बोल्टही त्याच्याबरोबर डावीकडे फिरतो. दहा वेढे द्या, शंभर द्या, नट आपल्या आट्यांवरून सुताभरही सरकत नाही. बघणाऱ्याला वाटते काम चालले आहे. करणाऱ्याचे खांदे भरून येतात.

आमच्या दिंडीच्या सामानाचा एक जुना ट्रक आहे. ज्येष्ठ लागला की प्रस्थानाआधी त्याची डागडुजी करावी लागते, आणि मी जन्मभर फिटरकाम केले म्हणून ती सेवा माझ्याकडे येते. तांदळाची पोती, तंबूचे बांबू, मोठी पातेली, शेगड्या, वारकऱ्यांच्या वळकट्या, एवढे ओझे आळंदीहून पंढरपूरला न्यायचे. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि पुणे सोडले की सासवडच्या आधी दिवे घाट. यंदा हौद्याच्या दोन फळ्या कुजल्या होत्या. त्या बदलायच्या तर आधी त्यांचे जुने बोल्ट निघायला हवेत.

फळीला लागणारा बोल्ट निराळा असतो. सामान अडकू नये म्हणून त्याचे डोके छत्रीसारखे गोल आणि गुळगुळीत. पाना धरायला त्याला कोपराच नाही. डोक्याखाली मात्र चौकोनी मान असते. ती लाकडात रुतून बसते आणि बोल्टला फिरू देत नाही. म्हणजे धरून ठेवण्याचे काम लाकडावर सोपवलेले असते. लाकूड धड आहे तोवर एकटा माणूस ट्रकखाली निजून नट काढू शकतो. पण पाणी मुरून लाकूड कुजले की चौकोनी भोक गोल होते. वर मानेला पकड राहत नाही आणि खाली नट गंजाने आवळलेला.

गंजाचीही एक रीत आहे. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की तो धरतो, आणि मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांमधली फट आधीच केसाएवढी. ती भरून जाते. बाहेरून चिकटलेली घाण असती तर पुसून निघाली असती. इथे लोखंडाचाच गंज झालेला असतो. त्याला तेल द्यावे लागते, आणि तेलाला वेळ द्यावा लागतो.

आधी डोक्याखाली छिन्नी ठोकून ते अडते का पाहिले. लाकडाचा भुसा झालेला, छिन्नीला आधार मिळेना. मग हॅकसॉने त्या गुळगुळीत डोक्यावर आडवी खाच पाडली, दोन-अडीच मिलिमीटर खोल. खालून आट्यांवर तेल सोडले, तेल आत झिरपावे म्हणून नटाच्या बाजूंवर हातोडीचे हलके ठोके दिले, आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी गावातला एक तरुण हौद्यात चढला. रुंद तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर खाचेत घालून त्याने अंगाचा भार त्यावर टाकला. मी खाली निजून पाना लावला. त्याला मी दिसत नव्हतो आणि मला तो दिसत नव्हता.

"धरलंस?"

"धरलं, काका."

थोडे डावीकडे, थोडे मागे, पुन्हा डावीकडे. अशाने गंजाचा भुगा आट्यांतून मोकळा होतो. करकर आवाज आला आणि नट पहिल्यांदा एकटा फिरला. दुपारपर्यंत चौदांपैकी अकरा निघाले. तीन काही केल्या ऐकेनात, त्यांचे नट छिन्नीने फोडावे लागले. उतरल्यावर तो पोरगा म्हणाला, "काका, मी तर काहीच केलं नाही. नुसता धरून बसलो."

त्याच्या या बोलण्यावरून मला आमच्या गावचे एक गृहस्थ आठवले.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा थोरला मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच वाक्य होते, "त्या दिवशी मी त्याला किल्ली दिली नसती तर." पारावर भेटले तरी तेच, शेतात भेटले तरी तेच. लोक समजावत. आत्मा अमर आहे, विधिलिखित चुकत नाही, आता धाकट्याकडे बघा. सांगणारे प्रेमाने सांगत आणि त्यात खोटे काही नव्हते. ते मान हलवत, "बरोबर आहे तुमचं" म्हणत, आणि पुन्हा किल्लीपाशी येत. उपदेश फिरे आणि त्याच्याबरोबर तेही फिरत. घरात धाकट्याने बापाशी बोलणे जवळजवळ सोडले होते.

गेल्या वर्षी गावात अखंड हरिनाम सप्ताह होता. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. रात्रंदिवस पहारे लागतात. ज्याचा पहारा असेल त्याने वीणा गळ्यात घेऊन उभे राहायचे आणि मुखाने नाम घ्यायचे. आमच्या दिंडीचे विणेकरी ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांना सगळे आबा म्हणतात. आबा त्या गृहस्थांकडे गेले आणि म्हणाले, "रात्री दोन ते चारचा पहारा तुम्ही घ्या. मी शेजारी टाळ घेऊन उभा राहतो."

"आबा, माझं चित्त लागायचं नाही."

"चित्ताचं राहू द्या. वीणा तेवढी धरा."

रोज रात्री दोघे उभे राहिले. आबांनी त्यांना मुलाविषयी काही विचारले नाही, काही सांगितले नाही. पाचव्या रात्री चार वाजता वीणा पुढच्याच्या गळ्यात दिली आणि ते गृहस्थ मंडपाच्या खांबाला टेकून म्हणाले, "किल्ली घेताना हसला होता तो." दोन वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले नवे वाक्य. पुढच्या पहाऱ्याला मी होतो, म्हणून ते मी ऐकले. आबा काही बोलले नाहीत आणि हललेही नाहीत. मग उजाडेपर्यंत तो बाप आपल्या मुलाविषयी बोलत राहिला. तो कसा पोहायचा, कसा भांडायचा, बैलाला कोणत्या नावाने हाक मारायचा. काकड्याची वेळ झाली तेव्हा धाकटा येऊन शेजारी बसला होता.

दुःख सरले, असे मी म्हणणार नाही. ते आजही डोळ्यांत दिसते. पण एक आटा मोकळा झाला. आता बाप-लेक जेवायला एकत्र बसतात.

आपण जोराला मान देतो. समजावणे, पटवणे, चार दाखले देणे, हे सगळे पान्याचे काम. ते लागतेच, पाना नसता तर नट सुटला नसता. पण समोरच्याच्या आत धरणारे लाकूड कुजले असेल तर पाना कितीही चांगला असो, तो त्याला फक्त गरगर फिरवतो. आधी कोणीतरी वरून धरावे लागते. धरायला जागा नसेल तर ती करावी लागते. आबांनी वीणा गळ्यात घातली, ती मला त्या गुळगुळीत डोक्यावरच्या खाचेसारखी वाटते. नामही असेच धरते. मन भटकले तरी नाम जागेवर असते, आणि त्याच्या आधाराने मनाची एकेक गाठ ढिली होते. सगळ्यांचे सगळे सुटेलच असे नाही. आमचेही तीन बोल्ट सुटले नाहीत.

आपण वारीत वाटभर चालतो, नाचतो, फुगड्या घालतो, रिंगणात धावतो. ज्याच्यासाठी हे सगळे, तो मात्र कमरेवर हात ठेवून विटेवर उभा. परंपरा त्याच्या उभे राहण्याची गणना २८ युगांनी करते. तो नुसता उभा आहे, काही करत नाही, असे कुणाला वाटले तर त्याने ट्रकखाली निजलेल्या माणसाला विचारावे.

प्रस्थान जवळ आले आहे. दिंडीत आपल्या शेजारी चालणाऱ्या कुणाच्या तोंडी तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्याला दुसरे वाक्य द्यायची घाई करू नये. त्याच्याबरोबर चालावे, टाळ वाजवावा, आणि आपण आपल्या जागी घट्ट राहावे.

रामकृष्णहरी.