चार चौकोनांत तीन अक्षरं



शब्दकोडं हा माझ्या आवडीचा विषय. लहानपणी रविवारच्या पेपरातलं कोडं मी आणि आजोबा मिळून सोडवायचो. डी.एड.ला असताना शैक्षणिक साहित्य म्हणून मी पुठ्ठ्याचं कोडंच केलं होतं. त्यामुळे चौथीचा वर्ग हाती आला तेव्हा शनिवारची शेवटची तासिका कोड्यांसाठी ठेवायची हे माझं ठरलेलंच होतं. मुलांची शब्दसंपत्ती किती, सामान्यज्ञान किती, हे हसतखेळत कळतं. परीक्षेची भीती नाही, वह्यांचा ढीग नाही. तुमच्यापैकी अनेकजण हे करत असालच. आज मी माझी एक चूक तुम्हाला सांगणार आहे. तुमच्या वर्गात ती होऊ नये म्हणून.

आमची शाळा चाकणपासून थोडी आत, एमआयडीसीच्या कडेला आहे. वर्गाचा पट ३६. ज्यांचं घर, शेत इथलंच आहे अशी मुलं त्यातली दहा-बारा. बाकीच्यांचे आईवडील कंपन्यांत कामाला म्हणून आलेले. कुणी लातूर-बीडकडचे, कुणी बुलढाणा-यवतमाळचे, काही बिहार, उत्तर प्रदेशातले. दिवाळीनंतर यवतमाळकडची एक मुलगी नव्याने दाखल झाली. वाचन चांगलं, अक्षर तर फारच सुंदर. बोलायची मात्र कमी.

त्या शनिवारचा विषय होता 'आपलं स्वयंपाकघर'. एक सूचक शब्द असा होता : भाजी-आमटीवर बारीक चिरून घालतात ती हिरवी पालेभाजी, ४ अक्षरं. उत्तर अर्थातच को-थिं-बी-र. या मुलीने पहिल्या तीन चौकोनांत लिहिलं सां-बा-र आणि चौथा चौकोन रिकामा ठेवला. मी कागद हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, सांबार इडलीबरोबर खातात!" वर्ग हसला. मीही हसले. लाल पेनाने फुली मारली आणि पुढच्या कागदाकडे वळले.

पुढचे दोन शनिवार तिने कोडं कोरं दिलं. मी माझ्या नोंदवहीत लिहून टाकलं : शब्दसंपत्ती कमी, सराव हवा.

महिन्याभराने पालकसभेला तिची आई आली. कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला, सुट्टी मिळत नाही म्हणून बाजार उरकून तशीच आलेली. सभा संपल्यावर इकडचं तिकडचं बोलताना पिशवी सावरत म्हणाली, "मॅडम, इकडे सांबार लय महाग आहे." मी पिशवीत पाहिलं. वर कोथिंबिरीची जुडी होती.

मला पुढे काय बोलावं तेच सुचेना. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे तिथल्या घराघरातलं साधं ज्ञान. मी मराठी शिकवते आणि मला ते ठाऊक नव्हतं. मुलीने सूचक शब्द बरोबर वाचला होता, अर्थ बरोबर लावला होता, वस्तू बरोबर ओळखली होती. चुकलं होतं ते एवढंच, की तिच्या घरचा शब्द माझ्या चौकोनांत बसत नव्हता.

सोमवारी मी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहिले आणि वर्गाला सांगितलं, की त्या दिवशी बाईंचं चुकलं, हिचं उत्तर बरोबर होतं. ती बराच वेळ खाली बघत होती. मधल्या सुट्टीत जवळ आली आणि म्हणाली, "एक घर उरत होतं बाई, म्हणून मी घरी येऊन पण विचार केला." हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नोंदवहीतला शेरा मी खोडला, पण ते दोन कोरे कागद काही मला परत भरून घेता आले नाहीत.

त्यानंतर मी कोडी तपासायची पद्धत बदलली. आधी माझ्याकडे बरोबर आणि चूक असे दोनच प्रकार होते. आता उत्तर चुकलं की मी मुलाला जवळ बोलावून विचारते, "तुझ्या मनात काय होतं?" त्यातून तीन वेगळ्या गोष्टी निघतात.

१. वस्तूच माहीत नाही. 'मोट' हा शब्द येत नाही, कारण मोट कधी पाहिलीच नाही. इथे चित्र दाखवायला हवं, शक्य असेल तर वस्तू.

२. वस्तू माहीत आहे, शब्द वेगळा आहे. पाणी भरायचा हंडा विचारला, तर विदर्भातलं मूल 'गुंड' लिहील. आपल्याला तो शब्द वेगळाच वाटेल, पण तिकडे पाण्याच्या भांड्यालाच गुंड म्हणतात. इथे पूर्ण गुण, आणि वर आपला शब्द शिकवायचा.

३. शब्द येतो, लिहिता येत नाही. इथे सराव हवा तो लेखनाचा. शब्दसंपत्तीचा शेरा इथे चालणार नाही.

हे तीन आजार वेगळे आहेत आणि औषधंही वेगळी. एकच फुली मारली की तिन्ही एकसारखे दिसतात.

तिसऱ्या प्रकाराबद्दल थोडं अधिक. आज आपण पाहतो तसं शब्दकोडं पहिल्यांदा छापलं गेलं २१ डिसेंबर १९१३ रोजी, 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात. ते आर्थर विन यांनी तयार केलं होतं. इंग्रजीत एका घरात एक अक्षर बसतं, काम संपलं. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसह पूर्ण अक्षर एका घरात बसतं. 'स्वर्ग' दोन घरांचा, पण मुलं तो चार घरांत फोडतात : स्, व, र, ग. म्हणजे जोडाक्षर हे एक अक्षर आहे, हेच अजून पक्कं झालेलं नाही. कोडं तयार करताना आपणही फसतो. आडवा शब्द 'विहीर' आणि त्याच्या शेवटून दुसऱ्या घरातून खाली 'हिरा' असा मी एकदा घेतला होता. विहिरीचा 'ही' दीर्घ, हिऱ्याचा 'हि' ऱ्हस्व. एका मुलाने येऊन विचारलं, "बाई, दोन्ही वेलांट्या काढू का?" ऱ्हस्व-दीर्घाचा तो माझा सगळ्यात चांगला पाठ झाला, आणि तो मी शिकवलाच नव्हता.

आता सामान्यज्ञानाचं. चाकणच्या किल्ल्याचं नाव, ५ अक्षरं, असं विचारलं तेव्हा सहा जणांना 'संग्रामदुर्ग' आलं. बाकीच्यांपैकी कितीतरी जण बाजाराला जाताना त्याच्या जवळून जातात. १६६० मध्ये शाइस्तेखानाच्या अफाट फौजेसमोर फिरंगोजी नरसाळा यांनी हाच भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. मी मुलांना तिथे घेऊन गेले. उरलेला तट, बुरूज दाखवले. परत आल्यावर 'तट', 'बुरूज', 'खंदक', 'भुईकोट' हे शब्द कोड्यात टाकले, आणि मग उत्तरं आली. तेव्हा मला वाटलं, आपण कोड्यातून ज्ञान तपासतो म्हणतो, पण जे कधी दिलंच नाही ते तपासण्यात काय अर्थ आहे?

उलट मुलांकडे जे आहे ते आपण विचारतच नाही. म्हणून आता महिन्यातला एक शनिवार कोडं मुलं तयार करतात आणि सोडवते मी. कांद्याच्या बाजारात वडिलांबरोबर जाणाऱ्या मुलाने 'अडत' विचारलं. दुसऱ्या एका मुलाचा सूचक शब्द असा होता : आठ तासांची असते, रात्रीची असली की पप्पा दिवसा झोपतात आणि टीव्ही लावायचा नाही, २ अक्षरं. उत्तर 'शिफ्ट'. मी त्याला 'रात्रपाळी' हा शब्द दिला. त्याने तो चारदा म्हणून पाहिला आणि म्हणाला, "हा मोठा आहे, पण छान आहे." भिंतीवर आता एक तक्ता आहे, 'घरचे शब्द'. पहिल्या ओळीत सांबार आणि कोथिंबीर आहेत. त्याखाली मुलं रोज काहीतरी लिहितात. बिहारच्या मुलांचे शब्दही त्यात आहेत.

तुम्हाला वर्गात किंवा घरी करून बघता येईल असं एक सोपं कोडं देते. फक्त पहिली अक्षरं वरून खाली वाचायची. आपल्या खेड तालुक्याचं गाव मिळेल.

१. इथे १६७४ मध्ये शिवरायांचा राज्याभिषेक झाला. (४ अक्षरं)
२. समुद्रातून माल नेतं, उलटं वाचलं तरी तेच. (३)
३. चैत्र शुद्ध प्रतिपदेला दारात उभारतात. (२)
४. घडी करून खिशात ठेवतात. (३)
५. भामा, भीमा, इंद्रायणी या तिघी कोण? एकीचंच लिहा. (२)
६. चपातीचं पीठ या धान्याचं. (२)
७. विहिरीवरचं पाणी ओढायचं चाक. (३)

उत्तरं : रायगड, जहाज, गुढी, रुमाल, नदी, गहू, रहाट. गाव राजगुरुनगर, हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचं जन्मगाव. भगतसिंग, सुखदेव यांच्याबरोबर २३ मार्च १९३१ रोजी ते फासावर गेले. गावाच्या नावात 'रु' ऱ्हस्व आणि आडनाव एकटं लिहिलं की शेवटचा 'रू' दीर्घ, हेही मुलांना जाताजाता दाखवा.

पालकांना एकच विनंती. मूल शाळेतून आलं आणि म्हणालं, की आपला शब्द चूक आहे, तर लगेच "बाई म्हणतात तेच बरोबर" असं म्हणू नका. वहीच्या मागच्या पानावर आपला शब्द लिहून पाठवा. बाईंनाही शिकायचं असतं.

ती मुलगी आता पाचवीत गेली. गेल्या शनिवारी मधल्या सुट्टीत माझ्या वर्गात डोकावली आणि एक कागद देऊन पळाली. कोडं होतं. सूचक शब्द : भाजीवर घालतात, ३ अक्षरं किंवा ४. तिने दोन्ही आकडे लिहिले होते आणि खाली चौकोन आखले होते सात.