परसातला सांबार

भर पावसाळ्यात यवतमाळहून घाटंजीमार्गे पांढरकवड्याकडे आपण कधी गेलात, तर काळ्या मातीत कपाशीची तासे आणि मधून तुरीच्या ओळी दिसतील. धुऱ्यावर अंबाडी उभी असते, तरोटा आपोआप उगवतो. निंदणाला गेलेली बाई परतताना ओच्यात मूठभर पाला आणी आणि त्यावर घराची भाजी होई. कित्येक घरांची भाजीमंडई म्हणजे हा धुराच होता.

आज त्या पाल्याकडे निर्धास्तपणे पाहता येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारा पिकापुरता थांबत नाही. वाऱ्याबरोबर तो धुऱ्यावरही पोहोचतो. काही औषधे झाडात शोषली जातात, म्हणून पाला धुतला की निर्विष झाला, असे मानू नये. रोजची हिरवाई परसात आणणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

त्यासाठी फार जागा लागत नाही. कोथिंबिरीला इकडे ‘सांबार’ म्हणतात. धणे हलके रगडून दोन फाकी करावेत आणि पेरावेत. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात आणि पाच-सहा आठवड्यांत पहिली कापणी मिळते. दर पंधरवड्यास थोडे पेरल्यास खंड पडत नाही. मार्चनंतरच्या उन्हात सांबार लवकर फुलावर येतो, तेव्हा त्यास सावली द्यावी. पुदिन्याची काडी ओलसर सावलीत सहज रुजते. गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, एकदा लागला की वर्षानुवर्षे पाने देतो. पावसाळ्याच्या आरंभी कुंपणालगत अंबाडीचे मूठभर बी टाकावे. मात्र परस फवारणीच्या शेताला लागून नसावे, आणि औषधाचा रिकामा डबा कितीही धुतलेला असला, तरी त्यात रोप लावू नये, पाणीही साठवू नये.

वऱ्हाडी स्वयंपाकात हा पाला केवळ शोभेपुरता नसतो. सांबारवडीचे सारण तर सांबाराचेच. पण ती तळणाची, म्हणून सणावारी शोभते. रोजच्यासाठी अंबाडी उकडून पाणी निथळावे, तुरीची डाळ व ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवावी आणि वर लसणाची फोडणी द्यावी. आंबटपणामुळे ती कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात शिजवू नये. गोडनिंबाची वाळलेली पाने भाजलेल्या जवसाबरोबर कुटली, की भाकरीजोगी चटणी होते. सांबार मात्र शेवटी घालावा, कारण उष्णतेने त्यातील क जीवनसत्त्व घटते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण वैद्यांना विचारून ठरवावे.

धुऱ्यावरची ती मूठ आता आपल्या दाराशी उगवू द्या. तिच्यावर काय पडले आणि काय नाही, हे आपल्याला ठाऊक असेल.