नांगर धरला का?

समुद्रावर गेलेल्या माणसाला माझी थोरली बहीण आजही पहिला प्रश्न एकच विचारते, "नांगर धरला का?" आमचे अब्बा बाणकोटच्या खाडीत मचव्यावर तांडेल होते. एका रात्री दमूनभागून आलेल्या अब्बांनी नांगर टाकला आणि तो धरला की नाही हे न पाहताच डोळे मिटले. ओहोटीने मचवा ओढत खडकावर नेला. माणसे वाचली, मचवा गेला. त्या रात्रीबद्दल अब्बा घरात कधी बोलले नाहीत.

गेल्या जूनमध्ये आपाच्या मुलाकडे ग्लासगोला गेलो होतो. त्याने शिडाची छोटी होडी भाड्याने घेतली आणि आम्ही दोघे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅलेग बंदरातून निघालो. एका हाताला स्काय बेट, दुसऱ्या हाताला मुख्य भूमीचे डोंगर आणि मधून उत्तरेकडे जाणारी स्लेटची सामुद्रधुनी. ती पुढे निमुळती होत जाते आणि काइल रे नावाच्या चिंचोळ्या वाटेत शिरते. तिथे दोन किनाऱ्यांत जेमतेम अर्धा-पाऊण किलोमीटर अंतर. भरती-ओहोटीचे सारे पाणी एवढ्याशा दारातून आत-बाहेर करते. उधाणाच्या दिवसांत प्रवाहाचा वेग आठ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे पंधरा किलोमीटर जातो. आमची होडी जोर लावून पाच नॉट धावणारी. प्रवाह उलटा असला तर शिडे फुगलेली दिसतील आणि होडी मागे जाईल! त्यात वारा प्रवाहाच्या विरुद्ध असला, तर लाटा उभ्या राहतात.

दुपारी तीनला पाणी आमच्या विरुद्ध धावत होते. मला पलीकडच्या गावी मुक्कामाची घाई होती. भाचा म्हणाला, "मामू, इथे घड्याळ पाण्याचं चालतं. उद्या सकाळी प्रवाह आपल्या बाजूने वळेल, तेव्हा जाऊ."

अरुंद वाटेत नांगर टाकणे म्हणजे संकटाला बोलावणे. म्हणून आम्ही अलीकडेच, स्कायच्या किनाऱ्याला आयल ऑर्नसेच्या आडोशाला वळलो. तिथल्या बेटावर 1857 सालचे दीपगृह आहे. ओहोटीला या बेटापर्यंत पायी जाता येते. पाणी किती चढते-उतरते, याचा अंदाज तेवढ्यावरून येतो.

भाच्याने कागदावर हिशेब मांडला. ओहोटी जवळ आलेली, खाली खोली चार मीटर. भरतीला आणखी तीन मीटर चढणार. पाण्यापासून होडीच्या टोकाची उंची एक मीटर. झाले आठ. त्याच्या चौपट, म्हणजे निदान बत्तीस मीटर साखळी सोडायची. आत्ताची खोली धरून सोळा मीटर सोडली, तर रात्री भरतीला साखळी ताठ होऊन नांगर वर उचलला जाईल. लांब साखळी तळावर आडवी पडते आणि नांगराला जमिनीत रुतवते. लांब साखळीवर होडी फिरतेही मोठ्या घेरात, म्हणून शेजारच्या होड्या आणि खडक त्या घेराबाहेर हवेत.

नांगर टाकला, साखळी सोडली. मला वाटले, झाले काम! पण भाच्याने इंजिन उलटे चालवले आणि मला किनाऱ्यावरचे एक पांढरे घर आणि त्यामागचे झाड एका रेषेत धरून बघत राहायला सांगितले. क्षणभर दोन्ही जागेवर राहिली. मग झाड हळूहळू घरापासून सरकू लागले. नांगर घसरत होता. ओढून वर घेतला, तर त्याच्या पात्यावर समुद्री गवताचा जाड गठ्ठा. गवतावर नांगर टेकतो, रुतत नाही.

मी गप्प झालो. घर आणि झाड कोणी बघितलेच नसते तर?

दुसऱ्यांदा थोडे सरकून चिखलाच्या तळावर टाकला. या वेळी इंजिनाचा जोर लावूनही घर-झाड हलले नाहीत. मी साखळीवर हात ठेवून बघितले. नांगर घसरत असला की साखळी थरथरते. ती शांत होती.

तिथे जूनमध्ये सूर्य मावळायलाच दहा वाजून जातात, पूर्ण काळोख होतच नाही. मगरिबला उभे राहताना वेगळीच अडचण आली. होडी वाऱ्या-पाण्याबरोबर नांगराभोवती फिरते, त्यामुळे किब्ला पुन्हा कंपासवर पाहावा लागला. डोलकाठीवर नांगराचा दिवा लावून आम्ही पडलो. भरतीच्या वेळी दोनदा उठलो. घर आणि झाड एका रेषेत होते.

सकाळी पाणी वळले आणि त्याच काइल रेने आम्हाला अलगद उचलून नेले. पूल आणि रेल्वे नव्हत्या तेव्हा स्कायचे गुराखी हजारो गुरे इथूनच मुख्य भूमीवर नेत. एकाच्या शेपटीला दुसऱ्याचा दोर बांधून त्यांना होडीमागे पोहत न्यायचे. तेही प्रवाह थांबण्याची वाट पाहत किनाऱ्यावर थांबत. आजही उन्हाळ्यात तिथे एक छोटी फेरी चालते. तिचा गाड्यांचा तक्ता माणसे हातांनी ढकलून फिरवतात.

पलीकडे पोहोचल्यावर आपाला फोन लावला. सलाम झाला आणि लगेच तिचा प्रश्न आला. भाचा हसून फोन माझ्याकडे देत म्हणाला, "मामू, तुम्हीच सांगा."

"दुसऱ्यांदा धरला," मी म्हणालो.

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग आपा म्हणाली, "पाहिलंत ना, ते बरं केलंत."