कडेचा तुकडा

त्वचेच्या कर्करोगाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की आधी रंग दिसतात: निळीजांभळी केंद्रकं, केराटिनच्या गुलाबी गुंडाळ्या आणि मधूनच एखादी बारीक नळी, तिच्यात लाल पेशी एकामागे एक लागलेल्या. अशा नळ्या भरपूर दिसल्या की आजार आक्रमक, असं आम्हा पॅथॉलॉजिस्टांच्या मनात फार लवकर ठरतं. त्याला आधारही आहे. नव्या रक्तवाहिन्या ओढून आणल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढत नाही, हे ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. १९९१ मध्ये स्तनाच्या कर्करोगात वाहिन्या मोजून त्यांचा संबंध आजार पसरण्याशी जोडला गेला आणि तीच मोजणी पुढे त्वचेवरही झाली. स्क्वेमस सेल कर्करोगात वाहिन्या बेसल सेलपेक्षा साधारणपणे जास्त सापडतात. पहिला लसिकाग्रंथींपर्यंत जाऊ शकतो, दुसरा अगदी क्वचित. हिशेब जुळल्यासारखा वाटतो. तरीही माझं मत असं की तुकडा जखमेच्या कोणत्या भागातून काढला हे कळल्याशिवाय तो आकडा वाचूच नये.

आपल्याकडचाच दाखला घ्या. धोतराच्या काचण्याने कमरेवर होणारा कर्करोग वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्ये वैद्यकात नोंदवला. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेसारख्या गावात धोतर नेसून शेतात राबलेली पिढी डोळ्यांपुढे आणली की तो कसा होतो हे वेगळं समजावावं लागत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळलेलं कापड, त्याखाली घाम आणि घर्षण. कातडी काळवंडते, कुठे पांढरी पडते, जाड होते आणि एखाद्या वेळी तिथली जखम भरतच नाही. या जखमेच्या मध्यातून तुकडा घेतला तर त्यात कोवळ्या रक्तवाहिन्यांचं रान असतं, पण ते शरीराने जखम भरण्यासाठी उगवलेलं. वाहिन्यांचं अस्तर दाखवणाऱ्या सीडी-३१ या चाचणीचा तपकिरी रंग या वाहिन्यांनाही चढतो आणि कर्करोगाने ओढून आणलेल्यांनाही. याच्या उलट जळल्याच्या जुन्या व्रणावर होणारा मार्जोलिन अल्सर. व्रणात वाहिन्या तोकड्या, तरी हा कर्करोग उन्हाने होणाऱ्या स्क्वेमस सेलपेक्षा पसरायला अधिक धजावतो.

यावर कोणी म्हणेल, सर्वांत दाट जागा निवडून तिथेच मोजा. पण दाट जागा कोणती, यावरच दोन वाचणाऱ्यांचं एकमत होत नाही. आणि पायोजेनिक ग्रॅन्युलोमा तर जवळपास नुसत्या वाहिन्यांचाच, जरा धक्का लागला की भळभळणारा, तरी निरुपद्रवी. मेलानोमात जाड गाठींना वाहिन्या जास्त असतात हे मला मान्य आहे, पण ती जाडी ब्रेस्लो यांच्या १९७० च्या पद्धतीने थेट मोजता येते. मग वाहिन्या पाहूच नयेत का? पाहाव्यात, अगदी बारकाईने. शंभर रिकाम्या नळ्यांपेक्षा एकाच नळीत अडकलेला कर्कपेशींचा पुंजका मला जास्त अस्वस्थ करतो. तिथेही फसगत होते: प्रक्रियेत ऊतक आकसतं, पेशींच्या घोळक्याभोवती फट पडते आणि ती वाहिनीसारखी दिसते. अशा वेळी सीडी-३१चा खरा उपयोग. फटीला अस्तर असेल तर ते तपकिरी उमटतं, नसेल तर ती बहुधा नुसतीच फट. पण असा पुंजका सापडतो तो बहुतेकदा गाठ निरोगी भागात घुसते त्या कडेला, खोलवर. जखमेच्या वरवरच्या चिमटीत तो येत नाही.

सिंदीहून रुग्ण नागपूरला जावो की सेवाग्रामला, तुकड्यासोबतच्या कागदावर नुसतं ‘कमरेची जखम’ एवढंच असेल तर वाचणारा अर्धा आंधळा होतो. तुकड्यात जखमेची कड हवी, तिला लागून थोडी निरोगी कातडी हवी, खाली चरबीपर्यंतची खोली हवी. बाटलीत तुकड्याच्या दसपट फॉर्मलिन. आणि कागदावर एक ओळ: चट्टा किती वर्षांचा, धोतराची गाठ नेमकी कुठे बसायची.