मानेवरचे पीस

घणसोली गावात खाडीकडे उतरणाऱ्या एका अरुंद आळीत, सकाळच्या तिरप्या उन्हात, एक तांबडा गावठी कोंबडा गडग्यावर चढून आरवला. आरवताना त्याने मान ताणली आणि मानेवरची लांब, निमुळती पिसे एकमेकांपासून सुटी होऊन अशी काही झळकली की मी चालता चालता थबकलो. ट्राउट माशाला भुलवण्यासाठी गळावर कृत्रिम माश्या बांधण्याची विद्या अलीकडे मी शिकू लागलो आहे, आणि या विद्येचा पहिला परिणाम असा की पक्ष्याची मान, सशाचा कान, लोकरीचा गुंडा, यांपैकी काहीही नजरेस पडले तरी मन त्याची पारख करू लागते.

घणसोलीच्या खाडीत अर्थातच ट्राउट नाही. हा मुलूख जिताड्याचा, बोयटांचा, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्यांचा. ट्राउटला थंड, वाहते पाणी लागते, आणि हिंदुस्थानातही तो परदेशातून आणावा लागला. काश्मिरात 1900 साली विलायतेहून आलेली अंडी जगली, आणि त्यांची जोपासना केली ती फ्रँक मिचेल नावाच्या गृहस्थाने, ज्याचा श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना होता. लोकरीच्या व्यापारात मुरलेल्या माणसाने हा मासा काश्मिरात रुजवावा, हा योगायोग मला मनापासून आवडतो. येत्या भाद्रपदात काश्मिरातल्या लिद्दर नदीच्या काठी जाण्याचा मानस आहे, आणि जाताना पेटीत स्वतः बांधलेल्या चार माश्या असाव्यात एवढीच इच्छा.

नवशिक्यापुढे मांडले जाणारे जिन्नस इतके असतात की त्यांच्या याद्या वाचतानाच हुरूप संपावा. माझे मत असे झाले आहे की आरंभी साहित्य थोडे असावे आणि ते पाण्यात कसे वागते यावरून निवडावे. हातात कसे दिसते यावरून नव्हे. चकाकणाऱ्या कृत्रिम धाग्यांविषयी मला प्रेम नाही. ईलियन या रोमन ग्रंथकाराने तिसऱ्या शतकाच्या आरंभी मॅसिडोनियातील कोळ्यांची जी माशी वर्णिली आहे, तिला लाल लोकर आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे, एवढेच लागे. आणि हे दोन्ही जिन्नस घणसोलीत आजही मिळतील.

कोंबड्याचे मानेवरचे पीस बोटांत धरून वाकवले की त्याचे तंतू काट्यांसारखे उभे राहतात, आणि तेव्हाच त्याची परीक्षा होते. ते ताठ, चकचकीत असतील आणि मधल्या देठालगत कापसासारखी लव कमी असेल, तर गळाभोवती गुंडाळल्यावर ते माशीला पाण्यावर तोलून धरतात; कोंबडीचे पीस मऊ, ते पाणी शोषते, म्हणून ते बुडणाऱ्या माशीला. तंतूची लांबी गळाच्या वळणातील अंतराच्या दीडपट ते दुप्पट असावी. चिकनच्या दुकानात पिसांचा ढीग पडलेला असतो खरा, परंतु तो पक्षी पाच-सहा आठवड्यांचा, त्याच्या मानेला हा ताठपणा यायला अवकाश कुठे मिळतो? त्यासाठी अंगणात वर्षभर हिंडलेला, भांडलेला, उन्हापावसात वाढलेला कोंबडाच हवा.

पण पिसांचा विषय निघाला की मन आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याकडे धावते. सोनेरा या फ्रेंच प्रवाशाचे नाव 1813 साली शास्त्रज्ञांनी ज्याला दिले तो हा पक्षी. त्याच्या मानेवरील काळसर पिसांच्या टोकाशी एकेक पिवळसर पांढरा ठिपका असतो, आणि त्या ठिकाणी पीस पिसासारखे राहतच नाही, ते लाखेच्या थेंबासारखे गुळगुळीत, कडक होते. विलायतेतील सॅमन माशांसाठी बांधलेल्या रंगीबेरंगी माश्यांच्या गालांवर एकोणिसाव्या शतकात हेच पीस बसे. केल्सन या ग्रंथकाराने 1895 साली त्या माश्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यातल्या कृतींतून आपल्या घाटातला हा पक्षी पुनःपुन्हा डोकावतो. पिसांचा हा व्यापार इतका माजला की 1902 साली हिंदुस्थान सरकारला रानपक्ष्यांची कातडी व पिसे देशाबाहेर नेण्यास मनाईचा हुकूम काढावा लागला, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने रानकोंबड्याला शिकाऱ्यापासून संरक्षण दिले.

भीमाशंकरच्या रानात मी तो पाहिला, तो पहाटेच्या धुक्यात. आधी आवाज आला. गावठी कोंबड्याच्या आरवण्यासारखा भरघोस नव्हे, तुटक, अर्ध्यावर सोडून दिल्यासारखा. सोबतच्या महादेव कोळी वाटाड्याने माझा दंड धरला. "हलू नका, रानकोंबडा हाय. आता वाटंवर येईल बघा." आणि खरोखरच करवंदीच्या जाळीतून तो तांबड्या मातीच्या वाटेवर आला, पालापाचोळा दोनदा उकरला, मान उंच केली, आणि त्या मानेवरचे ते सगळे ठिपके, जणू दवच तिथे गोठले असावे तसे, एकदम प्रकाशले. वाटाड्या मग हलक्या आवाजात सांगत राहिला: कोंबडी साधी, तपकिरी, ती आधी बाहेर येतच नाही, अंडी जमिनीवर, पाल्यात, कारवी फुलून बी झडले की हे पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. मी ऐकत होतो, पण नजर त्या मानेवरून हलत नव्हती. आज माश्या बांधायला बसतो तेव्हा वाटते, ते पीस माझ्या टेबलावर आले नाही आणि येऊही नये, हेच योग्य. ट्राउटला त्याची गरज नाही, ती सारी नक्षी माणसाच्या डोळ्यांसाठी होती. देव्हाऱ्यातल्या मोरपिसाचा एखादा झडलेला तंतू मात्र मी घेतो. गळावर तो गुंडाळला की हिरवा, मग कांस्य, मग पुन्हा हिरवा दिसतो, पण माशाच्या दातांपुढे टिकत नाही, म्हणून त्याच्यावर उलट दिशेने तांब्याची बारीक तार फिरवावी लागते.

तारेची ही युक्ती ज्याने परमोच्च साधेपणाला नेली तो फ्रँक सॉयर हा विलायतेतील एव्हन नदीचा राखणदार होता. त्याच्या प्रसिद्ध माशीत फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार, बस्स, दोराही नाही. त्याची दुसरी माशी तर मोजे रफू करायच्या चॅडविक 477 या लोकरीची. ती लोकर पुढे बनणेच बंद झाले, आणि एके काळी शिवणकामाच्या डब्यात पडून राहणारी तिची गुंडाळी आज शौकीन लोक जपून ठेवतात. सॉयरविषयी मला जो आदर आहे तो याच कारणाने: राजेरजवाड्यांच्या पिसांकडे न पाहता त्याने घरात, कामाच्या जागी, हाताशी होते ते पारखले.

तार मी मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आणली. दुकानदाराने विचारले, "किती नंबर?" मी केसासारखी म्हटल्यावर त्याने रिळांच्या रांगेतून एक उचलले आणि उजेडात धरले. "ही चाळीस नंबर. पंख्याला नाय लागत एवढी बारीक. वजनावर देतो, पण काका, ओढू नका, रीळ फिरवूनच सोडा; झटका बसला की तुटंल." घरी आल्यावर रीळ फिरवून पहिली तार सोडली, तिला लालसर झाक आहे, आणि सॉयरलाही तशीच हवी असे.