कंटाळ्याचे पुण्य

कंटाळा करणाऱ्याला आपल्याकडे कोणी चांगले म्हटलेले नाही. माझा मात्र कंटाळ्याविषयीचा आदर अलीकडे वाढत चालला आहे, आणि त्याला कारण आहे माझ्या संगणकावरचा एक संपादक. संपादक म्हणजे मासिकाचा नव्हे हो! मजकूर लिहिण्या-खोडण्याची जी सोय संगणकावर असते, तिलाही एडिटरच म्हणतात.

विद्यार्थ्यांसाठी जुने गद्य नव्या शुद्धलेखनात उतरवण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. १९६२ च्या नियमांनी मराठीच्या डोक्यावरची पुष्कळशी टिंबे उतरवली. त्याआधीच्या पुस्तकांत मात्र ‘नाहीं’, ‘तेथें’, ‘करूं’ पानोपानी भेटतात. शब्द शोधा, टिंब पुसा, पुढे चला! दहा पानांत माणूस विटतो.

अशाच विटलेल्या माणसांनी मॅक्रो जन्माला घातला. अमेरिकेत एमआयटीमध्ये टेको नावाचा एक जुना संपादक होता. त्याच्या आज्ञा एकेका अक्षराच्या. स्वतःचे नाव आज्ञा म्हणून दिले तर टेको काय करील, हे ओळखण्याचा खेळ तिथली मंडळी खेळत! नेहमी लागणाऱ्या आज्ञांची माळ ओवून ठेवता येई, तोच मॅक्रो. पुढे ज्याच्या त्याच्या माळा निराळ्या झाल्या. १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी त्या एकत्र गुंफायला घेतल्या आणि त्यातून ईमॅक्स निघाला. त्याच्या नावातच मॅक्रो आहे.

१९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या यंत्रणेसाठी ईमॅक्स लिस्प भाषेत लिहिला. स्टॉलमन यांनी सांगितलेली त्याची एक हकिकत मला फार आवडते. कचेरीतल्या सेक्रेटरीसुद्धा त्यात आपापल्या सोयीच्या नव्या आज्ञा रचू लागल्या. त्यांच्या हाती दिलेल्या पुस्तिकेत ‘प्रोग्रॅमिंग’ हा शब्दच नव्हता. त्यामुळे हे आपल्याला जमणार नाही, अशी भीती त्यांना वाटली नाही. पाटीवर ‘गणित’ लिहिले नाही, तर कितीतरी मुलांना गणित येईल, असे मला नेहमी वाटते.

आजच्या ईमॅक्समध्ये तर नुसते करून दाखवायचे. एफ ३ ही कळ दाबायची, एक ‘नाहीं’ शोधून टिंब पुसायचे, एफ ४ दाबून थांबायचे. मग एफ ४ दाबाल तितक्यांदा यंत्र तेच करील. आज्ञाधारक शिष्य असा असावा!

पण ‘घरांत’ आले की शिष्याची परीक्षा होते. जुन्या लेखनात एका घरातही ‘घरांत’ आणि अनेक घरांतही ‘घरांत’. आज टिंब उरले आहे ते केवळ अनेकवचनाला. ‘त्या घरांत कोणी राहत नव्हतें’ असे वाक्य आले, तर ओस पडले ते एकच घर की सारी वाडी? मागची चार पाने वाचल्यावाचून कळायचे नाही. एक टिंब पुसले, तर अख्खी वस्ती पुसली जायची!

म्हणून ‘नाहीं’ मी यंत्राच्या स्वाधीन केले आहे. ‘घरांत’साठी निराळा मॅक्रो आहे. मधेच थांबून धन्याला विचारण्याची सोय ईमॅक्सच्या मॅक्रोत आहे, ती मी वापरतो. शब्द आला की यंत्र थांबते. मी मागची पाने उलटतो. त्या वेळी मला मुळीच कंटाळा येत नाही.