धूर कोठें गेला?

तर्कशास्त्राच्या पहिल्याच पाठांत विद्यार्थ्यास डोंगरावरचा धूर दाखवितात आणि तेथें अग्नि असलाच पाहिजे, असें अनुमान करावयास शिकवितात. पाठ थोडा पुढें गेला म्हणजे उलट प्रश्न निघतो. जेथें धूर तेथें अग्नि हें ठीक. पण जेथें अग्नि तेथें धूर असतोच काय? नैयायिक म्हणतात, नाहीं. आणि तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचें उदाहरण देतात. त्यांत अग्नि आहे, धूर नाहीं. अलीकडे स्वयंपाकघरांतून काळ्या कांचेची जी इंडक्शन शेगडी येऊन बसली आहे, तिच्याकडे पाहून आम्हांस या लोहगोलाची वारंवार आठवण होते. तिच्यावर दूध उतूं जातें, भात शिजतो, आणि धूर तर नाहींच, पण ज्वालाहि दिसत नाहीं. मात्र आपला गोळा कोणत्या भट्टींत तापला आणि त्या भट्टीचा धूर कोणाच्या डोळ्यांत गेला, हें विचारण्याची नैयायिकांस गरज पडली नव्हती. आम्हांस ती पडली.

ती कशी पडली हें सांगतों. आम्ही पुण्याच्या एका उपनगरांत राहतों. आमच्या सहकारी गृहरचना संस्थेंत चाळीस बिऱ्हाडें आहेत. आमच्या व शेजारच्या चार-पांच इमारतींतील कांहीं तरुण मंडळींनीं मध्यंतरीं एक चळवळ आरंभिली. पृथ्वीचें तपमान वाढत आहे, पाऊस आपला नेम सोडून कधीं महिनाभर दडी मारतो तर कधीं एका रात्रींत रस्त्यांचे ओढे करतो. तेव्हां सरकारच्या तोंडाकडे पाहत न बसतां आपल्या घरापासून आरंभ करावा, हा त्यांचा विचार. गॅसची शेगडी जाऊन विजेची यावी, पेट्रोलची दुचाकी जाऊन विजेची यावी, आणि गच्चीवर सोलर पॅनेल बसावे, असा त्रिविध कार्यक्रम त्यांनीं आंखला. रविवारीं संध्याकाळीं ही मंडळी दारोदार फिरूं लागली. त्यांचें स्वागत ज्या प्रश्नांनीं झालें ते पुणेकरांस सांगावयास नकोत. वांगें कशावर भाजावयाचें? वीज गेली तर उपाशी राहावयाचें काय? आणि पापड-कुरडया वाळत घालावयाच्या त्या कोठें? चळवळीच्या पुढारी एक तरुण इंजिनियर बाई होत्या. त्या न रागावतां प्रत्येक प्रश्न वहींत टिपून घेत. एके दिवशीं ती वही घेऊन त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, आम्हांला एक पत्रक काढायचं आहे. तुमचं मराठी जरा जुन्या वळणाचं आहे, पण लोक तुमचं ऐकतात. तुम्हीच लिहा."

आम्ही महाविद्यालयांत शिकवितों तें इंग्रजी वाङ्मय. विजेचें आमचें ज्ञान बिल भरण्यापुरतें. परंतु ज्याचा हिशेब आपणांस कळलेला नाहीं तें दुसऱ्यास पटवूं नये, अशी जुनी खोड असल्यामुळें आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों. आणि त्या बाईंनींच दिलेले आंकडे मांडूं लागलों. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो गॅस असतो. तो जळला म्हणजे सुमारें ४२ किलो कर्बवायु हवेंत जातो. शेगडीच्या ज्वाळेची बरीचशी ऊब भांड्याच्या कडेनें वायां जाते. विजेच्या शेगडींत तशी नासाडी फारच थोडी. ही सूट धरूनहि एका सिलिंडरावर होणारा स्वयंपाक विजेवर करावयाचा तर सुमारें १२५ युनिट लागतात. आपल्या देशांत २०२४-२५ सालीं जी वीज निर्माण झाली तींत कोळशाचा वाटा शेंकडा सत्तरांच्या वर होता. कोळशाच्या विजेचें एक युनिट तयार करण्यास अर्ध्या किलोहून बराच अधिक कोळसा जळतो, आणि आपल्या कोळशांत राखेचा भाग तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतो. म्हणजे तें १२५ युनिट सर्वस्वी कोळशाचें धरलें तर एका सिलिंडराच्या ऐवजीं सुमारें ८० किलो कोळसा जळावयाचा आणि २५ किलोंच्या वर राख उरावयाची. देशांतील पाणी, वारा, ऊन व अणु यांची वीज मिसळून सरासरी काढली, तरी कर्बवायु ४२ किलोंच्या जागीं ९० किलोंच्या घरांत जातो.

आम्ही हा हिशेब तीन वेळां तपासला. आमचें स्वयंपाकघर स्वच्छ होणार होतें यांत शंका नव्हती. गॅसची उष्णता नाहीं, भांड्यांस काजळी नाहीं, श्वासाबरोबर जाणारे जळके वायु नाहींत. परंतु धूर नाहींसा होत नव्हता. तो चंद्रपुरास जात होता. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. तेथून, कोराडीहून व खापरखेड्याहून निघालेली वीज तारांवरून शेंकडों मैल चालत येते, आणि तारेला धुराचा वास येत नाहीं. आम्हीं पत्रकांत हें सर्व लिहिलें.

बाईंनीं तें वाचलें, आणि प्रथमच त्यांच्या कपाळावर आंठी दिसली. "सर, हिशेब बरोबर आहे. पण एवढं सगळं छापलं तर लोक म्हणतील, मग आहे तो गॅसच बरा. आपण फक्त बिल किती वांचेल तेवढं लिहूं." आम्ही म्हणालों, बिल वांचतें म्हणून जो येईल तो बिल वाढलें कीं जाईल. त्या म्हणाल्या, "पण आधीं येऊं तर द्या!" दोन दिवस पत्रक आमच्या टेबलावर तसेंच पडून राहिलें.

या दोन दिवसांत आमच्याकडे स्वयंपाकास येणाऱ्या मावशींनीं तें पाहिलें. मावशी आमच्या इमारतींत पांच घरीं स्वयंपाक करतात. म्हणजे ज्या शेगड्या बदलावयाच्या त्यांतील पांचांशीं प्रत्यक्ष संबंध त्यांचा, आणि चळवळीनें त्यांस अद्याप एक शब्द विचारला नव्हता. कागद कसला म्हणून त्यांनीं विचारलें, आम्हीं वाचून दाखविला. चंद्रपुराचें नांव आलें तेव्हां त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासारखंच झालं कीं, सर." मावशींचें माहेर मुळशी खोऱ्यांतलें.

त्यांच्या त्या एका वाक्यांत पुष्कळ इतिहास होता. १९१५ सालीं टाटांचें खोपोलीचें वीजघर चालू झालें, आणि लोणावळ्याकडच्या तलावांचें पाणी घाटाखालीं उतरून मुंबईच्या गिरण्या फिरवूं लागलें. पुढें मुळशीस धरण घालण्याचें ठरलें, तेव्हां निळा-मुळेच्या कांठचीं पन्नासाच्या आसपास गांवें आणि त्यांचीं भातखाचरें पाण्याखालीं जाण्याचा प्रसंग आला. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनीं धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले. 'सेनापति' ही पदवी त्यांस या लढ्यानेंच दिली. लढा १९२४ पर्यंत चालला; धरण झालें; १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर सुरू झालें. ही वीज पाण्याची. तिला धूर नव्हता, राख नव्हती, आणि आजच्या भाषेंत सांगावयाचें तर तिच्यावर कर्बवायूचा डागहि नव्हता. तरीहि ती कोणाच्या तरी चुलीवर पाणी ओतून आली होती. मावशी म्हणाल्या, "आजा सांगायचा, आपल्या पाण्यावर मुंबईला दिवे लागले. आमच्या वाडींत वीज आली तेव्हां माझं लग्न होऊन मी सासरीं गेले होतें." हें त्यांनीं कणीक मळतां मळतां सांगितलें, आणि लगेच विचारलें, "या शेगडीवर भाकरी फुगंल का, तें लिहिलंय का कागदांत?"

तें लिहिलेलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं इंजिनियर बाई आल्या, तेव्हां त्या आपलें उत्तर घेऊनच आल्या होत्या. आणि तें उत्तर चांगलें होतें, हें आम्हीं तेव्हांच मान्य केलें. त्या म्हणाल्या, "गॅसची शेगडी आज आहे तशीच वीस वर्षांनींहि असणार. ती कधींहि अधिक स्वच्छ होणार नाहीं. विजेची शेगडी मात्र तारेच्या दुसऱ्या टोंकाला जें बदलेल त्याप्रमाणें बदलेल. आज कोळसा आहे, उद्यां ऊन असेल." देशाच्या वीजनिर्मितीच्या क्षमतेंत कोळसा, वायु व तेल यांवांचूनच्या साधनांचा वाटा २०२५ सालीं निम्म्यावर आला, हेंहि त्यांनीं सांगितलें. आम्ही म्हणालों, क्षमता निम्मी झाली तरी प्रत्यक्ष वीज अद्याप बहुतेक कोळशाचीच आहे. त्या हंसून म्हणाल्या, "म्हणूनच तर चळवळ!"

येथें आमच्या दोघांच्या बोलण्याचा सांधा जुळला. तारेचें दुसरें टोंक आपोआप बदलत नाहीं. तें बदलावें म्हणून कोणी तरी विचारावें लागतें. आणि त्या टोंकाला काय आहे हें ज्याला सांगितलेलेंच नाहीं, तो विचारणार काय? जर्मनींत काळ्या अरण्याच्या प्रदेशांत शोनाउ नांवाचें अडीच हजार वस्तीचें एक लहान गांव आहे. १९८६ च्या चेर्नोबिलच्या अपघातानंतर तेथील कांहीं आईबापांनीं आपल्या घरांत येणारी वीज कोठून येते, असा प्रश्न विचारला. उर्सुला स्लाडेक या पांच मुलांच्या आई त्यांच्यांत प्रमुख होत्या. आरंभ त्यांनीं वीज वांचविण्याच्या शर्यती लावण्यापासून केला. पुढें १९९१ व १९९६ सालीं गांवानें दोनदां मतदान केलें, आणि १९९७ सालीं गांवच्या तारा व खांब गांवकऱ्यांच्या संस्थेनें विकत घेतले. हें सर्व बिल कमी येईल या एकाच आशेवर झालें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्याकडेहि सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांतील मान्याचीवाडी २०२४ सालीं राज्यांतील पहिलें सौरग्राम झाली. कोयनेचें धरण याच तालुक्यांत आहे. ज्या तालुक्यानें उभ्या महाराष्ट्रास पाण्याची वीज दिली, त्यांतल्या एका वाडीनें आपल्या छपरावर आपली वीज करावी, यांत एक न्याय आहे.

पत्रक शेवटीं दोघांचें मिळून झालें. बिलाचा हिशेब वर आला. पण त्याच्याखालीं राखेचाहि आला, आणि त्याखालीं क्रम आला: आधीं गच्ची, मग शेगडी. पत्रक हातीं पडल्यावर संस्थेची सभा भरली. एका वयोवृद्ध सभासदांनीं विचारलें, "तुमच्याच कागदाप्रमाणें विजेची शेगडी दुप्पट धूर करते, तर हा खटाटोप कशाला?" याच प्रश्नाची बाईंस धास्ती होती. परंतु कागदावर प्रश्न असल्यामुळें उत्तरहि कागदावर होतें. एक किलोवॅटच्या पॅनेलास सुमारें शंभर चौरस फूट जागा लागते आणि तें दिवसास सरासरी चार युनिट देतें. केंद्र सरकारच्या २०२४ च्या योजनेंत गृहरचना संस्थांस सामायिक वापरासाठीं दर किलोवॅटमागें १८,००० रुपये अनुदान ठेवण्यांत आलें होतें. तेव्हां पंप, लिफ्ट व जिन्यांतले दिवे यांसाठीं वीस किलोवॅटचे पॅनेल बसवावे, ते उंच सांगाड्यावर घ्यावे म्हणजे खालीं वाळवणास जागा राहील, असा ठराव झाला. चाळीसपैकीं सत्तावीस मतें पडलीं. शेगडीची सक्ति कोणावरहि नाहीं.

एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानीं पूर्वीं आली नव्हती, ती या निमित्तानें आली. सूर्याची वीज मिळते ती दुपारीं, आणि आमची घरें चूल पेटवितात सकाळीं आठास व रात्रीं आठास. रात्रीची पोळी सूर्यावर भाजावयाची तर वीज साठवून तरी ठेवली पाहिजे, नाहीं तर पुन्हां चंद्रपुराकडे हात पसरला पाहिजे. आमच्या आजीच्या घरीं मुख्य स्वयंपाक मध्यान्हीं होत असे आणि रात्रीं दूधभात किंवा सकाळचेंच कांहीं असे. कचेऱ्यांच्या वेळांनीं तो क्रम मोडला. तो जसाच्या तसा परत येणार नाहीं. पण कुकर लावणें, डाळ शिजविणें, पाणी तापविणें, दुचाकी भरणें एवढें तरी उन्हाच्या वेळेकडे सरकवितां येतें. आमच्या मावशींनीं आतां दोन घरची डाळ दुपारीं अकरानंतर लावण्यास आरंभ केला आहे. भाकरीहि त्यांनीं साधली. जाड लोखंडी तव्यावर फडक्यानें कडा दाबीत राहिलें म्हणजे ती फुगते. चळवळीनें त्यांस आतां इतर इमारतींत हें दाखविण्यास बोलाविलें आहे, आणि त्या वेळेचे पैसे देण्याचें ठरविलें आहे. पत्रकांतील कोणत्याहि वाक्यापेक्षां या गोष्टीनें अधिक शेगड्या बदलल्या, असें इंजिनियर बाई सांगतात.

वीस किलोवॅटांनीं चंद्रपूरचें एकहि धुरांडें थंड होणार नाहीं. तेथें खाणींत व वीजकेंद्रांत काम करणाऱ्या हजारों कुटुंबांचें पोट त्याच कोळशावर आहे, आणि तीं धुरांडीं ज्या दिवशीं थंड होतील त्या दिवशीं त्या कुटुंबांचें काय, हाहि हिशेब कोणीं तरी मांडावा लागेल. नाहीं तर पुन्हां एक मुळशी व्हावयाची. तो मांडण्याचें काम एका गृहरचना संस्थेचें नव्हे. परंतु तो मांडला जावा असा आग्रह धरणें हें वीज वापरणाऱ्या प्रत्येकाचें काम आहे. आणि आपली वीज कोठून येते हें ठाऊक असल्यावांचून कोणी तसा आग्रह धरीत नाहीं. म्हणून आमचें तरुण चळवळ्यांस एवढेंच सांगणें आहे. शेजाऱ्याच्या दारीं जाल तेव्हां वांचणाऱ्या पैशांबरोबर उरणाऱ्या राखेचाहि आंकडा त्याला सांगा. तो भिऊन दार लावील असें समजूं नका. आमच्या इमारतींत चाळीस दारें होतीं. राखेचा आंकडा वाचून त्यांतलें एकहि लागलें नाहीं.